ओल्या रुळांवरचा ब्रेक

“आजोबा, लेटर, ओके?” म्हणत प्रांजलीने सायकलवर टांग टाकली आणि पसार झाली. नातीला दाखवायला काढलेली जुनी कातडी बॅग छातीशी धरून जयप्रकाशराव दारातच उभे राहिले.

मिरजेला रेल्वेत ड्रायव्हर असताना ती बॅग जन्मभर त्यांच्यासोबत ड्युटीवर गेली होती. वडील आणि आजोबाही इंजिनावरच. मुलगा सुबोध मात्र कॉम्प्युटर शिकून नेदरलँड्सला आला आणि घरातली रेल्वे संपली. हे शल्य त्यांना म्हातारपणी फार टोचायचं. प्रांजलीच्या शाळेत रोझेनडालच्या रेल्वेवर प्रोजेक्ट आहे असं कळलं, तेव्हा त्यांना पुन्हा आशा वाटू लागली.

सुबोधकडे राहायला आल्यावर रोझेनडाल हे गावही मनासारखं मिळालं होतं. देशाच्या दक्षिणेला, बेल्जियमच्या सीमेजवळ, आगगाडीच्या जिवावर वाढलेलं. लांबलचक फलाटावर पूर्वी कस्टमवाले उतारूंच्या पेट्या उघडायचे. जयप्रकाशराव रोज सकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसत. मिरजेत तीन मापांचे रूळ भेटायचे, इथे दोन देशांचे भेटतात, एवढाच काय तो फरक, असं त्यांचं ठाम मत होतं.

नातीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. विचारायची ती सून, रूपाली. कसलासा कोर्स करून दमून घरी यायची आणि पोळ्या लाटता लाटता प्रश्न काढायची.

“बाबा, रुळांवर ओला पाला पडला असेल तर ब्रेक कसा लावायचा?”

“लवकर आणि हलक्या हाताने. घाबरून दाबलास की चाकं घसरलीच म्हणून समज. पण तुला कशाला हे?”

“प्रांजलीच्या प्रोजेक्टला हवंय,” रूपाली पोळीकडे बघत म्हणाली.

जयप्रकाशराव मनातून चिडले. पोरांचे प्रोजेक्ट आयांनीच करायचे, हा आपल्याकडचा रोग विमानात बसून इथवर आला होता. तरी सांगायला लागले की त्यांना भान राहत नसे. धुकं, चढण, सिग्नल, सगळं सांगून व्हायचं.

मग एक दिवस बॅग कपाटातून गायब झाली. पोरीने अडगळ म्हणून टाकली असणार. त्यांना फार वाईट वाटलं, पण विचारायचा धीर झाला नाही.

त्याच आठवड्यात सुबोध आणि रूपालीची कुजबुज त्यांच्या कानावर पडली. निकाल शुक्रवारी होता. “या वेळी तरी व्हायला हवं,” रूपाली म्हणत होती. म्हणजे पोरगी आधी एकदा आपटली होती तर. आणि आपल्याला कोणी सांगितलंही नाही.

इथे मूल शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की घरावर झेंडा लावून त्याला दप्तर टांगतात. गल्लीत दोन-तीन दप्तरं आधीच लटकत होती. शुक्रवारी जयप्रकाशरावांनी फलाटावरच्या बाकावर बसून गणपतीला साकडं घातलं आणि घराची वाट धरली.

कोपऱ्यावरूनच झेंडा दिसला. त्यांचे डोळे भरून आले. पास झाली पोरगी.

जवळ आल्यावर ते थबकले. काठीला त्यांचीच कातडी बॅग टांगली होती. खाली प्रांजली उभी होती, तिचं दप्तर तिच्याच पाठीवर.

“माय एक्झाम इज नेक्स्ट इयर, आजोबा,” ती हसत म्हणाली.

दारातून निळ्या गणवेशात रूपाली पुढे आली आणि पाया पडायला वाकली.

“बाबा, सोमवारी सकाळची गाडी मी नेणार आहे. बाकावर बसू नका. आत बसा.”