बिनतेलाची वेणी

"काकूंच्या डोक्याला तेल कुणी चोपडलं? करंट मेंदूपर्यंत कसा पोचणार?" दुखण्यावर डोक्याला हलका करंट देणाऱ्या सेंटरमधली मुलगी म्हणाली, तशी काकांनी जीभ चावली. छातीतली कॅन्सरची गाठ काढल्यापासून कळांमुळे काकूंचा हात वर जाईना, म्हणून तेल लावून वेणी तेच घालत.

"हिला शॉक बसेल?"

"छे! नुसत्या मुंग्या येतील. हळूहळू दुखणं उतरेल." मुलीनं केस पुसून डोक्याला ओले स्पंज बांधले.

तिसऱ्या आठवड्यात काका कंगवा घेऊन आले, तर काकू आरशासमोर दोन्ही हात उचलून अंबाडा घालत होत्या. काकांच्या जिवात जीव आला.

"सुटलो एकदाचा!" ते डोळे पुसत म्हणाले.

काकूंनी आकडे उपसून केस मोकळे सोडले.

"एवढ्यात कुठे सुटताय? घाला वेणी. आणि तेल नको."