दोन शतांश

कपलिंग तापवून शाफ्टवर चढवायचं, गार झालं की ते शाफ्टला आवळून बसतं, हे फिटरकाकांचं काम. किती आवळायचं ते डिझाइनच्या मॅडम ड्रॉइंगवर लिहून द्यायच्या आणि काकांच्या मते शाफ्ट दोन शतांश मिलिमीटर जाडच लिहायच्या. मॅडम नव्याने नोकरीला लागल्या त्या वर्षी काका तसं सांगायला गेले, तर मॅडम म्हणाल्या, "काका, आकडा गणितातून आलाय, माझ्या मनातून नाही."

काकांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. पॉलिश पेपर घेऊन प्रत्येक शाफ्ट गुपचूप दोन शतांशाने घासत राहिले. अकरा वर्षांत एकही कपलिंग ना तडकलं, ना सुटलं.

निवृत्तीच्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. मॅडमच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. "अकरा वर्षं तुमच्या आकड्याला हात लावला, मॅडम. फार मन खात होतं."

मॅडमनी कॉम्प्युटरवरून नजरही हलवली नाही.

"मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, काका. तेव्हापासून दोन शतांश वाढवूनच लिहीत आले. आता तुम्ही निघालात, म्हणून सकाळपासून सगळी ड्रॉइंग्ज दुरुस्त करत बसलेय."