एकच आकडा

लेकीला दर महिन्याला ताप यायचा आणि डावा गुडघा सुजायचा. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" नवरा छाती काढून म्हणाला, "छे! आमच्याकडे सगळे ठणठणीत." तिची शाळेची पँट गुडघ्यात सैल करायला मी आमच्या म्हाताऱ्या टेलरकाकांकडे गेले. पँट हातात घेताच ते म्हणाले, "डावा पाय ना? बापाचं आणि आजोबांचं माप असंच." कपाटातून त्यांनी मापांच्या जुन्या वह्या काढल्या. वारलेले सासरे, मग माझा नवरा; प्रत्येकाच्या गुडघ्यापुढे दोन आकडे, डावा मोठा. चाळीस वर्षं काका डावीकडे गुपचूप जास्त कापड सोडत होते, चारचौघांत सूज दिसू नये म्हणून. "कधी बोलला नाहीत!" मी म्हणाले. "गिऱ्हाइकाचं उणं झाकायचं असतं, सूनबाई. पण आता पोरीचा प्रश्न आहे." दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते वह्यांसकट डॉक्टरांसमोर बसले. नवऱ्याची मान खाली गेली. "ताप मलाही येतो," तो पुटपुटला. वह्या चाळून डॉक्टरांनी बापलेकीचं रक्त तपासायला पाठवलं. दोघांच्या एकाच जनुकात तोच दोष निघाला आणि नेमकं औषध सुरू झालं. सहा महिन्यांनी लेकीला नवी पँट शिवायची होती. काकांनी टेप उजव्या गुडघ्याला लावली, डाव्याला लावली, पुन्हा उजव्याला लावली. चष्मा पुसला. मग आमच्या घराण्याच्या पानावर, पहिल्यांदाच, गुडघ्यापुढे एकच आकडा लिहिला.