व्हॅनचे पिस्टन

ताईनं इंजिनचं हेड उचलून बाजूला ठेवलं आणि दिवा जवळ ओढून पिस्टनवर वाकली. पिस्टनच्या डोक्यावर पोरांच्या खेळण्यातली हिरवी माती थापलेली होती. त्यावर हेड बसवून तिनं इंजिन पान्यानं हळूहळू फिरवलं होतं. आता मातीत व्हॉल्व्हचे दोन गोल ठसे उमटले होते. तिनं पात्यानं ठसा मधोमध कापला आणि खाली किती माती उरलीय ते पाहिलं.

"व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत नाहीत," ती म्हणाली.

"टेकणारच नाहीत. मी पिस्टन मापं घेऊनच आणलेत," धाकटा म्हणाला.

धाकटा तिचा भाऊ. मोडीत निघालेल्या गाड्या फोडायचा त्याचा धंदा. हे पिस्टन त्यानं एका मालवाहू व्हॅनच्या इंजिनातून काढले होते. पहिल्यांदा ते बाकावर मांडले तेव्हा ताईनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"दुसऱ्याच्या जबड्यातले दात आपल्याला बसतात का रे?"

"बसतात की. कवळी म्हणतात त्याला."

ती हसली नव्हती. गाडी तिची होती. घाटातल्या शर्यतींत तिनं ती उमेदीची सगळी वर्षं पळवली होती, आणि अलीकडे नवीन गाड्या तिला मागं टाकून जायला लागल्या होत्या. मागच्या खेपेला याच भावाच्या नादी लागून तिनं टर्बो बसवला. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. पण जुन्या पिस्टनच्या सपाट माथ्यावर त्या जादा हवेला जागाच नव्हती. अर्ध्या घाटात इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, आणि तिनं पाय उचलेपर्यंत एका पिस्टनला भोक पडून सिलिंडर घासला गेला.

व्हॅनच्या पिस्टनला माथ्यावर वाटीसारखा खळगा होता. हवेला तेवढी ऐसपैस जागा. पिन तीच, उंचीही तीच. फक्त अंगानं केसभर मोठे. तेवढे सिलिंडर कातून घेतले, त्यात घासल्याचे ओरखडेही निघून गेले. आता भिंती इतक्या पातळ झाल्या होत्या की कातायला पुन्हा वाव नव्हता. पुन्हा भोक पडलं तर इंजिन धाकट्याच्याच ढिगाऱ्यात जाणार होतं.

तिनं माती खरवडून काढली, प्रत्येक पिस्टन पुसून घेतला. पुसताना तिचा अंगठा त्या खळग्यात क्षणभर थांबला. कुठल्या कारखान्यात, कुणी, कुठल्या ओझ्याच्या गाडीसाठी हा ओतला असेल. आणि तो तिच्या सिलिंडरात असा उतरला होता, जणू इथलाच.

दुपार कलताना गाडी रस्त्यावर आली. धाकटा शेजारी बसला. ताईनं इंजिन तापू दिलं, गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत सावकाश नेली आणि मग पाय दाबला.

आधी काहीच झालं नाही. मग बॉनेटखालून एक बारीक शीळ उठली, चढत गेली, आणि गाडीला मागून कुणीतरी उचलून धरल्यासारखं झालं. पाठ सीटमध्ये रुतली. ताईचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता. ती खड्यांचा आवाज यायची वाट पाहत होती. मागं ज्या ठिकाणी तो आला होता ते ठिकाण आलं आणि गेलं. शीळ तेवढी वाजत राहिली. पुढच्या अवघड वळणावर दुसरा गिअर टाकायला तिचा हात सवयीनं पुढं झाला आणि तसाच राहिला. गाडी तिसऱ्या गिअरमध्येच वर निघाली होती. आणखी मागत होती.

माथ्यावर तिनं गाडी कडेला घेतली.

"काही ऐकू आलं का?" धाकट्यानं विचारलं.

"नाही." ती खाली उतरली. "तू बस माझ्या जागी. खाली पुलापाशी वळव आणि तशीच वर आण."

"मी? तुझ्या गाडीला मला हात लावू देत नाहीस तू."

"आज लाव. मला ती बाहेरून बघायचीय. मी कायम आतच बसलेय."

तो गेला. ताई वळणावर उभी राहिली. दरीतून वारा येत होता. बराच वेळ दुसरं काही ऐकू आलं नाही. मग खालून ती शीळ आली, गाडी दिसायच्या कितीतरी आधी. डोंगराच्या अंगाला घासत, एकेक वळण मागं टाकत ती वर चढत होती.

आणि गाडी वळणावर आली. उडालेला रंग, ताईनंच कधीतरी चेपवलेलं दार, सगळं तेच होतं. तरीही ताई दोन पावलं मागं सरली, आणि घरी पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्यासमोर पुसावेत तसे तिनं ग्रीसचे हात घाईघाईनं कपड्यांना पुसले.