वॉर्डातले पावणेचार

संयोगिता कराडच्या एका नर्सिंग होममध्ये मानसशास्त्राची इंटर्न होती. काम सोपं होतं. विसराळू म्हाताऱ्यांना कोरा कागद द्यायचा आणि सांगायचं, घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.

चंद्राबाईंनी पावणेचार दाखवले. शेजारच्या दोघींनीही पावणेचारच. रिटायर सुभेदारांचं घड्याळ वांग्यासारखं आलं, पण वांग्यातही पावणेचारच वाजले होते.

"आख्खा वॉर्ड एकदम चुकत नसतो," तिचं काम तपासणारे सर म्हणाले. "तूच नीट सांगत नसशील."

संयोगितानं कागद गोळा केले. गेल्या महिन्यात सांगलीच्या दवाखान्यात तिची आई पावणेचारला गेली, तेव्हा ती खाली कॅन्टीनमध्ये चहा पीत होती. घरी मात्र तिनं सांगितलं होतं, मी उशाशीच होते.

शेवटी राहिले पायगोंडा आजोबा. त्यांना तिनं मुद्दाम दोनदा सांगितलं, "अकरा वाजून दहा हं, आजोबा."

"व्हय गं, बहिरा न्हाई मी."

त्यांनी पावणेचार दाखवले. मग कुणी न सांगता घड्याळाखाली खाट काढली, खाटेवर एक बाई काढली आणि तिच्या उशाशी रिकामी खुर्ची.

पेन्सिल संयोगितापुढं धरून ते म्हणाले, "आता हितं तू बस, पोरी. ती कवाधरनं वाट बघतीया."