खिडकीतली बशी

अंगठी बशीत होती. शेजारी घड्याळ, पट्टा नीट गुंडाळलेला.

मेव्हिस टेबट स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तशीच उभी राहिली. बशीला हात लावायचं तिला धाडस होईना. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. होरेसनं ती अंगठी युद्धातसुद्धा बोटातून काढली नव्हती. तिची स्वतःची तर पाव मळतानाही हातातच असायची. मग कडेला अडकलेलं पीठ टाचणीनं कोरून काढावं लागे.

परसात कोंबड्यांनी ओरडा लावला होता. त्यांची बादली जागेवर नव्हती. शिळ्या पावाचा डबाही रिकामा होता. त्यांच्यावर खेकसून ती अवजारांच्या खोपटाकडे धावली. होरेसच्या गळाच्या काठ्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. सगळ्या. फेब्रुवारीपासून त्यांवर धूळ बसत होती.

फेब्रुवारीत होरेसचा मित्र लेन पेटिट गेला. अर्ध्या चड्डीत असल्यापासून दोघं एकाच नदीवर बसत आलेले. दोघांची जागा मात्र वेगळी. होरेसची बंधाऱ्याखाली, फेसाळत्या पाण्याशी. लेनची वरच्या वळणावर, विलोच्या झाडाखाली, जिथं पाणी साय धरल्यासारखं संथ असतं. लेन माशांचे फार लाड करतो, असं होरेस म्हणायचा. होरेसला जन्मात कधी धीर नव्हता, असं लेन. संध्याकाळी दोघांच्या सायकली एकदमच गल्लीत शिरायच्या.

लेनला पुरून आल्यावर होरेस म्हणाला होता, "मी आता नदीवर जायचा नाही." आणि तो गेला नव्हता. चार महिने तो नदीकडे पाठ करून खुर्चीत बसला. ताटातलं ताटात राही. मेव्हिसनं त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोनदा नवं भोक पाडलं होतं.

"मेव्हिस, तुझी स्वारी नदीकडे गेली गं मघाशी," शेजारची ऑलिव्ह कपडे वाळत घालता घालता म्हणाली. तोंडात चिमटे होते. "हाक मारली, तर बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, चला, निघाला एकदाचा. पण कुंपणावरून नुसती टोपी दिसली. काठीचं टोक काही दिसलं नाही."

मग तिनं तोंडातले चिमटे काढले. दोघींनाही एकाच वेळी गिरणीवाला म्हातारा आठवला. गेल्या वर्षी त्यानंही घड्याळ आणि पाकीट टेबलावर असंच नीट मांडून ठेवलं होतं. सापडला तो बंधाऱ्याच्या जाळीत.

"मी येते बरोबर," ऑलिव्ह म्हणाली. मेव्हिस तोवर फाटकाबाहेर गेली होती.

पायात सपाता, अंगात एप्रन. कुरणातल्या गाई बाजूला झाल्या. ती आधी बंधाऱ्यावर गेली. होरेसच्या जागेवर गवत गुडघाभर वाढलं होतं आणि कुणी ते तुडवलेलं नव्हतं. खाली पाणी गरगरत होतं. त्यात टोपी दिसते का, हे तिनं पाहिलं; पाहिलं आणि स्वतःचीच तिला भीती वाटली. मग ती वरच्या वळणाकडे वळली.

विलोच्या फांद्यांपलीकडे होरेस मांडीभर पाण्यात उभा होता. वाकलेला.

"होरेस," ती म्हणाली, "बाहेर ये."

तो वळला. कोपरापर्यंत दोन्ही हात पांढऱ्या लगद्यानं बरबटले होते. मागं, विलोच्या मुळांवर, कोंबड्यांची बादली होती.

"तू होय," तो म्हणाला. "कोंबड्या बोंबलतायत का? त्यांचा सगळा पाव मी आणला. कोंडापण."

"काठी कुठंय तुझी?"

"काठी?" त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की हिला झालंय तरी काय. "आज बारा तारीख, मेव्हिस. मासेमारीला नदी सोळाला उघडते. मासे अजून अंडी घालतायत बिचारे. इतकी वर्षं बंदी पाळली, ती आता मोडू?"

"आणि अंगठी?"

"मळताना निघायला लागली. बोटं पार वाळलीत. एखाद्या ब्रीम माशानं गिळली असती, तर तुला काय सांगितलं असतं मी?"

मेव्हिस ओल्या काठावर मटकन बसली. तिला हसू येत होतं, का रडू, ते कळत नव्हतं, म्हणून तिनं एप्रनच तोंडाशी धरला. लांबून ऑलिव्ह धापा टाकत येत होती. मेव्हिसनं तिला हातानंच खूण केली, सगळं ठीक आहे, जा.

होरेसनं बादलीतून एक गोळा घेतला, दाबून घट्ट केला आणि कमळाच्या पानांपलीकडे अलगद टाकला. बुडबुडे वर आले. तो ते फुटेपर्यंत पाहत राहिला.

"लेन दरवर्षी आठवडाभर आधीपासून माशांना खायला घालायचा," तो म्हणाला. "मी म्हणायचो, लाच देतोस लेका. यंदा कुणीच नाही घालायला. जागा मोडेल त्याची." दुसरा गोळा गेला. "आज घातलं, उद्या घालायला हवं, परवा हवं. एक दिवस चुकला, की कळप निघून जातो."

उद्या. परवा. मेव्हिसनं ते दोन्ही शब्द मनात एकदा म्हणून पाहिले. चार महिन्यांत त्यानं ते उच्चारले नव्हते.

"हे गोळे फार सैल झालेत," ती म्हणाली. "पाण्यात पडायच्या आधीच फुटतात. तुला कधी मळता आलंय का?"

"मग तू मळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतल्या बशीत दोन अंगठ्या होत्या.