बाबांच्या मापाची सीट

भंगारातून आणलेल्या चासीवर बाबांनी दांडगं इंजिन बसवलं, वर सागवानी बॉडी चढवली, तेव्हा प्रत्येक फळी मी धरली होती. आई गाडीला सवत म्हणायची. मला आणखी एक धाकटी बहीण झाल्यासारखं वाटायचं. सीट त्यांनी स्वतःच्या मापाने पक्की ठोकलेली. माझे पाय क्लचला पोचायचेच नाहीत. बाबा गेल्यावर परगावाहून आलेली धाकटी सहज गाडीत जाऊन बसली. तिची अंगकाठी बाबांचीच. पाय नेमके टेकले. “ताई, अगदी बाबांसारखी दिसतेय ना?” “त्यांना पोक होतं,” मी म्हणाले. ती हसत खाली उतरली. “तूच ठेव गं ही. मी कुठे उभी करू?” मी बसले, तशी तिने घरातून बाबांची उशी आणून माझ्या पाठीशी लावली. पाय क्लचला टेकले. उशीला त्यांच्या केसांचा वास होता. “थांब, मीपण येते,” ती म्हणाली. मी दार ओढून घेतलं आणि तिला तिथेच सोडून गाडी काढली.